ग्रंथ, काझी आणि कोर्ट : मुस्लिम कायद्याच्या इतिहासाचे एक टीकात्मक वाचन

आजचा विषय 'मुस्लिम कायद्याचा ऐतिहासिक विकास' असा जाहीर झाला आहे. विषय चौदाशे वर्षांचा आणि वेळ तासाभराचा. तेव्हा धावता आढावा आपण घेणार नाही. तसा आढावा कायद्याच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात मिळतो, आणि विद्यार्थी ते प्रकरण सोडून थेट दुसऱ्यावर जातात हेही आपल्याला ठाऊक आहे. आपण आज तीन पुस्तकं समोर ठेवू. एक 'हिदाया', म्हणजे तिचं चार्ल्स हॅमिल्टन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर. दुसरं दिनशा मुल्ला यांचं मुस्लिम कायद्यावरचं पुस्तक. तिसरं आसफ अली असगर फैजी यांचं 'आउटलाइन्स'. या तीन पुस्तकांनी आपल्याकडे 'मुस्लिम कायदा' म्हणजे काय ते ठरवलं. ते नीट ठरवलं का, हा आपला प्रश्न.

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक म्हणतो, हा ईश्वरी कायदा आहे, त्यात कानामात्रेचा बदल होत नाही. दुसरा म्हणतो, हा मध्ययुगीन कायदा आहे, त्यात कधी बदल झालाच नाही. दोघं एकमेकांवर तावातावाने धावून जातात, पण जरा थांबून बघा, दोघांचं म्हणणं एकच आहे! बदल होत नाही यावर दोघांचं एकमत आहे. भांडण फक्त त्याचं कौतुक करायचं की निषेध, एवढ्यापुरतंच. आम्हा तत्त्वज्ञानाच्या माणसांना अशा वेळी वादातल्या बाजू तपासण्यापेक्षा दोघांनी मिळून गृहीत धरलेलं वाक्य तपासावंसं वाटतं. ते वाक्य खोटं आहे.

मुळात दोन शब्द वेगळे आहेत. शरियत आणि फिक्ह. शरियत म्हणजे मार्ग, मूळ अर्थाने पाणवठ्याकडे नेणारी वाट. फिक्ह म्हणजे समज, आकलन. पहिली ईश्वराची, दुसरी माणसाची. कुराणात सहा हजारांवर आयती आहेत. त्यांतल्या परंपरेने फार तर पाचशेक आयती विधिनिषेधाच्या मानल्या जातात, आणि त्यांतही काटेकोर अर्थाने कायदा म्हणावा अशा त्याहून कितीतरी कमी. बाकी सारं माणसांनी वाचून, वाद घालून, हिशेब करून उभं केलं. 'हिशेब' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. एक उदाहरण घेऊ.

एक बाई वारली. मूलबाळ नाही, आईवडील नाहीत. मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. कुराणाप्रमाणे, मूल नसेल तर नवऱ्याला निम्मा वाटा. दोन बहिणी असतील तर त्यांना मिळून दोन तृतीयांश. आता मिळकतीचे ६ भाग करा. नवऱ्याला ३, बहिणींना ४. बेरीज ७. सहा भागांच्या मिळकतीतून सात भाग द्यायचे कसे? ग्रंथ ईश्वरी आहे, पण समोर वारस बसले आहेत आणि अंकगणित काही ऐकत नाही. हा पेच दुसरे खलिफा उमर यांच्या काळातच उभा राहिला असं परंपरा सांगते. तोड काढली ती अशी की मिळकतीचे सातच भाग करा. नवऱ्याला सातातले ३, बहिणींना सातातले ४. सगळ्यांचं थोडं थोडं कमी झालं. याला 'औल' म्हणतात. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांना हे पटलं नाही, आणि शिया पंथाने ते आजतागायत मान्य केलेलं नाही. त्यांच्याकडे नवऱ्याला पुरते ३ मिळतात, तूट बहिणींनी सोसायची. म्हणजे बघा, आयत एकच, तिच्याबद्दल कुणाला शंका नाही. तरी पहिल्याच पिढीत दोन कायदे. 'निम्मा' या शब्दाचा अर्थ 'सातातले तीन' असा होऊ शकतो हे ज्याने मान्य केलं, त्याने अर्थ लावण्याचं काम माणसाचं आहे हेही मान्य केलं.

मग प्रश्न येतो तो अधिकाराचा. अर्थ लावायचा कोणी? आमच्या मते या इतिहासातला हाच कळीचा प्रश्न आहे, आणि तो फार लवकर विचारला गेला. आठव्या शतकाच्या मध्यावर, अब्बासी खलिफा मन्सूरच्या काळात, इब्न अल-मुकफ्फा नावाचा एक इराणी लेखक होऊन गेला. हा तोच, ज्याने आपल्या पंचतंत्राचं अरबीत 'कलीला व दिम्ना' केलं. त्याने खलिफाला सल्ला दिला की गावोगावचे काझी वेगवेगळे निकाल देतात, एकाच शहराच्या दोन भागांत दोन न्याय चालतात, तर आपण सगळी मतं मागवावीत आणि एकच संहिता करून ती लागू करावी. सल्ला आजच्या भाषेत अगदी आधुनिक वाटतो. तो अमलात आला नाही. कायदा राजाच्या हाती गेला नाही, विद्वानांकडे राहिला. पुढे ८३३ साली खलिफा मामूनने, कुराण 'निर्मित' आहे की अनादी, या प्रश्नावर विद्वानांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. अहमद इब्न हंबल यांनी मार खाल्ला, पण मान तुकवली नाही. आणि पंधरा-वीस वर्षांत राजसत्तेला ते प्रकरण गुंडाळावं लागलं. तिथून सुन्नी परंपरेत एक वहिवाट पक्की झाली. काझी सुलतानाने नेमायचा, पण काझीने कशाच्या आधारे निकाल द्यायचा ते सुलतानाने सांगायचं नाही.

याचा एक मोठा फायदा आणि एक मोठा तोटा झाला. फायदा असा की मतभेद हा दोष राहिला नाही, पद्धत झाली. अबू हनीफा, मालिक, शाफिई, अहमद इब्न हंबल अशी चार सुन्नी घराणी नांदली. शियांचं जाफरी घराणं वेगळं. तोटा असा की सगळ्यांना बंधनकारक असा बदल जाहीर करणारी संस्थाच उरली नाही. ना पार्लमेंट, ना पोप.

शाफिई (मृत्यू ८२०) यांनी या पसाऱ्याला शिस्त लावली. कुराण, मग सुन्ना, मग इज्मा म्हणजे एकमत, मग कियास म्हणजे सादृश्यावरून अनुमान. तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला शाफिईंचं वाचन हे एक सुख आहे. पण आमचं मन हनफींच्या 'इस्तिहसान'कडे ओढ घेतं. शाफिईंचा त्याला कडक विरोध होता. उद्या जो तो आपल्या लहरीला कायदा म्हणेल, ही त्यांची भीती. इस्तिहसान म्हणजे काय? कियास काटेकोर लावला तर अस्तित्वात नसलेली वस्तू विकता येत नाही. मग मोच्याला सांगितलं की माझ्या पायाच्या मापाचे जोडे शिवून दे, हे घे पैसे, तर तो करार बाद व्हायला हवा, कारण जोडे अजून आहेत कुठे? हनफी म्हणाले, तर्काने बाद, पण लोक पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवहार करत आले आहेत आणि कुणी हरकत घेतलेली नाही, म्हणून ग्राह्य. तर्काला लोकव्यवहारापुढे दोन पावलं मागे घ्यायला लावणारा हा कायदा होता. त्याला 'गोठलेला' म्हणणाऱ्याने निदान मोच्याचे जोडे तरी आठवावेत.

दहाव्या शतकात 'इज्तिहादचा दरवाजा बंद झाला', पुढे फक्त तकलीद, म्हणजे अनुकरण, असं आपण सगळे शिकलो. जोसेफ शाख्त यांच्या वजनदार ग्रंथांनी ते पक्कं केलं. १९८४ साली वाएल हल्लाक यांनी एका निबंधात साधा प्रश्न विचारला, की दरवाजा बंद केला कुणी आणि कधी? त्यांनी दाखवून दिलं की शतकानुशतकं स्वतंत्र विचार करणारे फकीह होत राहिले. आम्हाला हल्लाक यांच्या नंतरच्या लेखनातला हळवेपणा पटत नाही. वसाहतपूर्व काळ त्यांच्या पुस्तकांत फारच सोनेरी दिसू लागतो. त्या काळातही बाईची साक्ष अर्धी होती आणि गुलाम बाजारात विकले जात होते. पण दरवाजाबद्दलचा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे.

आता पहिल्या पुस्तकाकडे येऊ. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुस्लिम जगाच्या दोन टोकांना, दोन माणसं कायद्यावर लिहीत होती. पश्चिमेला कॉर्डोव्हात इब्न रुश्द, ज्याला आपण ॲरिस्टॉटलचा भाष्यकार म्हणून ओळखतो. तो पेशाने काझी होता हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात क्वचितच सांगितलं जातं. पूर्वेला फरगाना भागातला मर्गिनानी. मर्गिनानी वारला ११९७ साली, इब्न रुश्द ११९८ साली. इब्न रुश्दच्या 'बिदायत अल-मुज्तहिद' या ग्रंथाची रीत विलक्षण आहे. एक प्रश्न घ्यायचा, समजा, वयात आलेल्या शहाण्या स्त्रीला वलीशिवाय, पालकाशिवाय स्वतःचा निकाह करता येतो का? मालिक आणि शाफिई म्हणतात नाही, अबू हनीफा म्हणतात येतो. मग तो लिहितो की मतभेदाचं कारण काय. कुठली आयत दोन्हीकडे वळते, कुठल्या हदीसची साखळी कुणाला कच्ची वाटते. निर्णयापेक्षा मतभेदाचं कारण शिकवणारा कायद्याचा ग्रंथ! असा ग्रंथ आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

मर्गिनानीची 'हिदाया' तितकी तात्त्विक नाही. ती हनफी घराण्याची आहे आणि हनफी मताची वकिली करते. पण तीही वादाचंच पुस्तक आहे. अबू हनीफा असं म्हणतात, त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी तसं म्हणतात, शाफिईंची हरकत अशी, तिला उत्तर असं. ती मदरशात गुरूसमोर बसून, टीकांसकट वाचायची वस्तू होती. औरंगजेबाने बऱ्हाणपूरच्या शेख निजाम यांच्या देखरेखीखाली 'फतावा-इ-आलमगिरी' करवली, तीही मतांचा संग्रहच आहे, कलमांची संहिता नव्हे.

आणि मग आली कंपनी. १७७२ च्या वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेत ठरलं की वारसा, विवाह वगैरे बाबतींत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावायचा. वरवर उदार धोरण. पण कंपनीच्या न्यायाधीशाला अरबी येत नव्हती, आणि मौलवींवर त्याचा विश्वास नव्हता. त्याला पुस्तक हवं होतं, ज्यात उत्तर सापडेल. हेस्टिंग्जच्या प्रोत्साहनाने हॅमिल्टन या लष्करी अधिकाऱ्याने 'हिदाया'चं भाषांतर केलं. ते १७९१ साली प्रसिद्ध झालं. तेही अरबीवरून नव्हे, मौलवींनी मुद्दाम तयार केलेल्या फारसी भाषांतरावरून, ज्यात स्पष्टीकरणं मजकुरात मिसळली होती. आणि मूळ ग्रंथ जिथून सुरू होतो ती शुद्धी, नमाज, रोजा, हज ही प्रकरणं हॅमिल्टनने गाळली. भाषांतर जकातीपासून सुरू होतं.

हे गाळणं आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. भाषांतरकाराला वाटलं, हा 'धर्म' आहे, कोर्टाला याचं काय काम? पण फिक्हमध्ये नमाज आणि खरेदीखत एकाच पुस्तकात असतात, कारण दोन्हींकडे बघण्याची दृष्टी एक आहे. माणसाची प्रत्येक कृती पाच प्रकारांत बसते. फर्ज, म्हणजे केलीच पाहिजे. मन्दूब, केली तर बरं. मुबाह, करा वा न करा. मक्रूह, न केलेली बरी. हराम, करूच नये. यांच्या जोडीला दुसरा प्रश्न वेगळा, की कृतीला कायदेशीर परिणाम आहे का? एखादी कृती पाप असून परिणामकारक असू शकते. हे दोन प्रश्न विचारणारा माणूस मात्र एकच होता. काझी निकाल देई, मुफ्ती पाप सांगे, बिरादरी तोंड फिरवी. या सगळ्यांचं मिळून वजन पडे. कोर्टाने परिणाम उचलला आणि पाप सोडून दिलं.

एका बैठकीत तीनदा तलाक घ्या. 'हिदाया' म्हणते, तलाक ही मुळात निषिद्ध गोष्ट, गरजेपुरती सूट. आणि असा तिहेरी तलाक देणारा पापी, पण तलाक मात्र लागू. शिया परंपरा तो मानतच नाही. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) म्हणाले, तीनदा म्हटलं तरी तो एकच. उमर यांनी तो लागू धरला, पण असं करणाऱ्याला फटकेही मारले, असं परंपरा सांगते. आता १९०५ साली मुंबई हायकोर्टात साराबाई विरुद्ध राबियाबाई या खटल्यात न्या. बॅचलर यांनी या तलाकचं वर्णन केलं ते असं, की धर्मशास्त्राच्या दृष्टीने वाईट पण कायद्याच्या दृष्टीने ठीक. वाक्य चटपटीत होतं, शंभर वर्षं वकिलांच्या तोंडी राहिलं. पण त्याने काय केलं बघा. फटके गेले, पाप गेलं, इब्न तैमियाचा मतभेद गेला. उरली फक्त नवऱ्याची सत्ता, आणि तिच्यामागे ब्रिटिश कोर्टाचा शिक्का. हनफी मत होतं तेच राहिलं असं कुणी म्हणेल. शब्द तेच राहिले, हे खरं. पण कायदा बदलला.

तो गोठवण्याचं काम १८९७ साली प्रिव्ही कौन्सिलने पूर्ण केलं. नवऱ्याच्या मिळकतीतून विधवेला वर्षभराचा निर्वाह मिळावा का, असा प्रश्न होता. कुराणात त्याला आधार दिसत होता. लंडनने सांगितलं की प्राचीन आणि अधिकारी भाष्यकारांच्या स्पष्ट मताविरुद्ध कोर्टाने कुराणाचा स्वतःचा अर्थ लावू नये. मित्रहो, इज्तिहादचा दरवाजा दहाव्या शतकात कुणी बंद केला ते सापडत नाही. हा दरवाजा मात्र कुणी, कुठल्या साली बंद केला ते सापडतं! त्याआधी १८६४ सालीच कोर्टांतले सरकारी काझी-मुफ्ती काढून टाकले होते. म्हणजे भाष्य करणारा बाहेर, आणि आत बसलेल्याला भाष्याची मनाई.

आपल्या मुंबई इलाख्याची वाट थोडी वेगळी होती. एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या नियमांत आधी सरकारचे कायदे, मग देशरिवाज, आणि त्यानंतर प्रतिवादीचा धर्मकायदा असा क्रम होता. रिवाज ग्रंथाच्या आधी. ऐकायला लोकाभिमुख वाटतं. १८४७ साली खोजा आणि मेमन मुलींनी वडिलांच्या मिळकतीत कुराणाप्रमाणे वाटा मागितला. सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या जमातींचा रिवाज मुलींना वाटा न देण्याचा आहे, आणि रिवाजच चालेल. त्या मुली हरल्या. इथे ग्रंथ मुलींच्या बाजूचा होता आणि रिवाज विरोधात. तलाकच्या बाबतीत कोर्टाने ग्रंथ उचलून धरला तो नवऱ्याच्या बाजूने. कोर्टाचं धोरण स्त्रियांविरुद्ध होतं असा आरोप आम्ही करत नाही. एवढंच म्हणतो की 'ग्रंथ' वा 'रिवाज' यांतलं काहीही स्वतःहून पुरोगामी नसतं. आपल्याकडचे काही मित्र रिवाजाचे फार गोडवे गातात, म्हणून हे सांगितलं.

दुसरं पुस्तक. दिनशा फर्दुनजी मुल्ला, मुंबईचे पारशी वकील, आडनाव मुल्ला. 'हिंदू लॉ' त्यांचंच, दिवाणी संहितेवरचं पुस्तकही त्यांचंच, आणि १९०५ साली मुस्लिम कायद्यावरचं. व्यवहारासाठी अप्रतिम पुस्तक. एकेक नियम, त्याला क्रमांक, खाली निवाडे. गंमत म्हणजे वकील ते क्रमांक पार्लमेंटने केलेल्या कायद्याची कलमं असावीत तसे वाचून दाखवतात. विधिमंडळाने न केलेली संहिता एका मुंबईकर वकिलाने केली! इब्न अल-मुकफ्फाला जे साधलं नाही ते हे. पण किंमत अशी, की 'हिदाया'तली हरकत आणि उत्तर ही रचनाच गेली. विद्यार्थ्याला नियम दिसतो. नियमाशी झगडलेली माणसं दिसत नाहीत.

फैजींचं पुस्तक म्हणूनच मोठं. जन्म माथेरानचा, १८९९ चा. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत. अरबीवर हुकमत, काझी नुमानच्या इस्माइली ग्रंथाचं संपादन त्यांच्या नावावर. 'आउटलाइन्स' १९४९ चं. आपण कोर्टात लावतो तो कायदा म्हणजे फिक्ह नव्हे, इंग्रजी न्यायतत्त्वांनी घडवलेलं त्याचं एक रूप आहे, हे भारतीय वाचकाला त्यांनी जितकं स्वच्छ सांगितलं तितकं क्वचितच कुणी सांगितलं असेल. पुढे 'अ मॉडर्न ॲप्रोच टु इस्लाम' (१९६३) मध्ये ते म्हणाले की धर्म आणि कायदा वेगळे करा. धर्म अंतःकरणाचा, कायदा बदलता. हमीद दलवाईंच्या पिढीला या विचाराचं मोल कळलं. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा निघाला, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. त्या धैर्याबद्दल आपल्या मनात आदरच आहे.

पण फैजींच्या उपायाबद्दल एक शंका नोंदवायला हवी. धर्म आणि कायदा वेगळे केले की कायदा बदलता होईल, हे गृहीत बरोबर आहे का? बॅचलरसाहेबांनी ते वेगळे केलेच होते. वाईट इकडे, ठीक तिकडे. त्या फारकतीने कायदा बदलता झाला नाही, उलट नैतिक टीकेपासून सुरक्षित झाला. फारकत एकटी पुरत नाही. बदलण्याचा अधिकार कुणाकडे आहे, या प्रश्नाचं उत्तर सोबत द्यावं लागतं, आणि फैजी तिथे घाईने पुढे सरकतात असं आम्हाला वाटतं.

याउलट एक उदाहरण बघा. हनफी मताप्रमाणे नवरा बेपत्ता झाला तर बायकोने तो नव्वद वर्षांचा होईपर्यंत वाट पाहायची. म्हणजे तिशीतला नवरा परागंदा झाला तर साठ वर्षं! विसाव्या शतकात पंजाबात काही स्त्रिया सुटकेसाठी धर्मच सोडू लागल्या, कारण धर्मत्यागाने निकाह तुटतो असं तेच हनफी मत सांगत होतं. तेव्हा अशरफ अली थानवी यांनी, देवबंदच्या परंपरेतल्या अगदी कर्मठ आलिमाने, मालिकी विद्वानांशी पत्रव्यवहार करून १९३१ साली पुस्तक लिहिलं आणि मालिकी मत उसनं घेतलं की चार वर्षं पुरेत. त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा झाला. चार वर्षं त्यात आहेत, आणि निव्वळ धर्मत्यागाने निकाह तुटणार नाही हेही. उलेमांची एक मागणी, की निकाल मुस्लिम न्यायाधीशानेच द्यावा, विधिमंडळाने मानली नाही. सुधारकाने नव्हे, सनातन्याने, घराण्याची भिंत ओलांडून ही वाट काढली. आणि तिला बळ आलं ते विधिमंडळामुळे. दोन्ही हात लागले. आमच्या मते हा आपल्याकडच्या मुस्लिम कायद्याच्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग आहे, आणि दोन्ही बाजूंचे वक्ते तो सांगायचं टाळतात.

२०१७ च्या शायरा बानो निकालात हे सारं एकत्र येतं. १९५१ साली मुंबई हायकोर्टात छागला आणि गजेंद्रगडकर यांनी नरसू अप्पा माळी खटल्यात, जो हिंदू द्विभार्याप्रतिबंधाचा होता, म्हटलं होतं की व्यक्तिगत कायदा हा घटनेच्या अर्थाने 'अमलात असलेला कायदा' नव्हे, म्हणून मूलभूत हक्कांची फूटपट्टी त्याला लागत नाही. २०१७ साली न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी म्हटलं की १९३७ च्या शरियत कायद्याने तिहेरी तलाकला विधिमंडळाचं बळ दिलं, म्हणून फूटपट्टी लागते. आणि तो मनमानी, म्हणून रद्द. न्या. कुरियन जोसेफ यांना हे मान्य नव्हतं. ते म्हणाले, १९३७ चा कायदा फक्त शरियत लागू आहे असं सांगतो, तेव्हा शरियत काय म्हणते ते पाहू. कुराणात जे वाईट ते शरियतमध्ये चांगलं कसं असेल? धर्मशास्त्रात वाईट ते कायद्यातही वाईट. बॅचलर यांचं वाक्य असं एकशे बारा वर्षांनी उलटं झालं. तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी गेला, पण तिघांची कारणं एक नाहीत. एकीकडे घटना, दुसरीकडे कुराण. कुरियन जोसेफ यांनी जे केलं ते १८९७ ची मनाई बाजूला सारून केलेलं भाष्य आहे. निकाल आपल्याला आवडला म्हणून त्याला टाळ्या वाजवताना हे विसरू नये की उद्या दुसरा न्यायाधीश त्याच वाटेने आपल्याला नावडता अर्थही काढील.

१९३७ च्याच कायद्यातली आणखी एक गोष्ट, आणि मग प्रश्नोत्तरं घेऊ. रिवाज मोडून मुलींना शरियतचा वाटा मिळावा हा या कायद्याचा गाजावाजा. पण त्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळली आहे. केंद्रीय विधिमंडळाला प्रांतांच्या त्या विषयात हात घालता येत नव्हता हे एक कारण, आणि पंजाबच्या जमीनदारांना मुलींचे वाटे नको होते हे दुसरं. काही राज्यांनी पुढे दुरुस्ती केली, अनेकांनी केली नाही. तलाकवर आपण पन्नास वर्षं बोलतो आहोत; शेतातल्या त्या वाट्यासाठी, जो कुराणात आकड्यानिशी लिहिलेला आहे, ना उलेमांनी रान उठवलं ना आपण सुधारकांनी. तो का राहिला, यावर कुणी प्रश्न विचारणार असेल तर पहिली चिठ्ठी ती घेऊ.